‘मसाज’ या एका शब्दाखाली: थायलंडमधला धंदा, कायदा आणि आपले प्रवासी

आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून काहींना हसू आलं असेल, काहींना संकोच वाटला असेल. दोन्ही साहजिक आहे. ‘बँकॉकला जाऊन आला’ एवढं वाक्य चार मित्रांत उच्चारलं की पुढचं कुणी बोलत नाही, सगळे फक्त हसतात. पण २०२४ या एका वर्षात २० लाखांहून जास्त भारतीय थायलंडला जाऊन आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पर्यटनासाठी व्हिसाची अट उठली, मुंबईहून विमान चार-साडेचार तासांत पोचतं, आणि बियाणं, खतं, सिमेंट, टायर यांच्या कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरला बक्षीस म्हणून ‘बँकॉक-पटाया’ची सहल देतात. तालुक्याच्या गावातला दुकानदार आयुष्यातला पहिला परदेश प्रवास करतो तो असा. त्या सहलीत ‘मसाज’ हा शब्द त्याच्या कानावर दिवसातून दहा वेळा पडतो. तेव्हा एवढी माणसं ज्या गोष्टीजवळ जातात ती चालते कशी, तिच्यात पैसा कुणाचा, कायदा काय म्हणतो आणि समोरच्या बाईचं काय होतं, हे एकदा नीट समजून घ्यायला काय हरकत आहे? हसण्यावारी नेल्यामुळे जे झाकलं जातं, ते आज आपण पाहणार आहोत.

एक सुरुवातीलाच सांगतो. कुठं जावं आणि किती पैसे द्यावेत याची ही माहितीपत्रिका नाही. आणि नीतीचा उपदेश करायलाही आम्ही इथं उभे नाही. व्यवहार समजून घ्यायचा आहे.

एक शब्द, चार धंदे

पहिली अडचण शब्दाचीच आहे. ‘मसाज’ या एका पाटीखाली थायलंडमध्ये निदान चार वेगळे धंदे चालतात.

पहिला, पारंपरिक थाई मसाज. थाई भाषेत त्याला ‘नुआत फेन बोरान’ म्हणतात, म्हणजे जुन्या पद्धतीचा मसाज. यात गिऱ्हाइकाच्या अंगावर सैलसर कपडे असतात, जमिनीवर गादी असते, तेल बहुधा नसतंच. हाताचा अंगठा, तळवा, कोपर, गुडघा, प्रसंगी पाऊल वापरून अंग दाबतात आणि ताणतात. शरीरात ‘सेन’ नावाच्या वाहिन्या आहेत, त्यांतल्या दहा मुख्य, असं हे शास्त्र मानतं. आणि गंमत बघा, या विद्येचा आद्य गुरू म्हणून थाई लोक ज्याला वंदन करतात तो आपल्याकडचा आहे: जीवक, राजगृहाचा वैद्य, बुद्धाचा समकालीन. ऐतिहासिक पुरावा सोडा, पण परंपरा तसं मानते, आणि अनेक जुन्या जाणत्या मालिशवाल्या काम सुरू करण्यापूर्वी हात जोडून त्याचं स्मरण करतात. बँकॉकच्या वाट फो या मंदिरात राजा तिसरा राम याच्या काळात, १८३०च्या दशकात, वैद्यकाचं ज्ञान शिलालेखांत कोरून ठेवलं गेलं. त्यात मसाजच्या आकृत्याही आहेत. त्याच मंदिरात १९५५ मध्ये पारंपरिक वैद्यकाची शाळा सुरू झाली. २०१९ मध्ये युनेस्कोनं ‘नुआत थाई’ला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे आपल्या योगाला जो मान २०१६ मध्ये मिळाला, तोच.

दुसरा धंदा हॉटेलांतल्या आणि मोठ्या स्पांचा. तेल, वाफ, सुगंध, मंद संगीत, चढे दर. याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हा जगभर सारखाच असतो, गोव्यातही आणि बालीतही.

तिसरा, रस्त्याकडेची पार्लरं. बाहेर खुर्च्यांवर एकसारख्या कपड्यांतल्या पाच-सहा बायका बसलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. यांतली पुष्कळशी दुकानं सरळ पाय दाबून देतात, तेलमालिश करतात, आणि विषय तिथं संपतो. काही दुकानांत मात्र तासाभराच्या मालिशीनंतर पडद्याआड ‘आणखी काही’ विचारलं जातं. त्याचा दर पाटीवर नसतो. तो व्यवहार दुकानाचा नसून त्या बाईचा वैयक्तिक आहे, असं दुकानदार गरज पडल्यावर म्हणतो. हे ‘गरज पडल्यावर’ लक्षात ठेवा, पुढं त्याचाच धागा पकडायचा आहे.

आणि चौथा, ‘आब-ओब-नुआत’. शब्दशः: आंघोळ, वाफ, मसाज. बँकॉकच्या रत्चदाफिसेकसारख्या रस्त्यांवर याच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आत काचेची भिंत, काचेपलीकडे पायऱ्यांवर बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या कपड्यावर नंबराचा बिल्ला. अलीकडे कोचावर बसलेलं गिऱ्हाईक. मधे एक माणूस, जो गिऱ्हाइकाला नंबर सुचवतो. इथं मसाज नावापुरता असतो. लैंगिक सेवाच विकली जाते, हे गिऱ्हाइकाला, मालकाला, बाईला आणि कोपऱ्यावरच्या पोलिसालाही माहीत असतं. पण परवान्यावर लिहिलेलं असतं आंघोळ, वाफ आणि मसाज.

जाता जाता एक शब्द. थाई भाषेत ‘खेक’ म्हणजे पाहुणा, गिऱ्हाईक. तोच शब्द भारतीय उपखंडातल्या आणि पश्चिम आशियातल्या माणसांनाही लावतात. म्हणजे आपण तिथं गेलो की दोन्ही अर्थांनी ‘खेक’ असतो.

हे असं झालं कसं?

आता प्रश्न पडतो, की आंघोळ आणि मसाज यांच्या परवान्यावर हा धंदा बसला कसा. याचं उत्तर दोन कायद्यांत आणि एका युद्धात आहे.

१९६० मध्ये थायलंडनं वेश्याव्यवसायाविरुद्ध कायदा केला. त्याआधी १९०८ च्या कायद्याखाली तो परवान्यानं चालत होता. आता तो गुन्हा ठरला. पण सहाच वर्षांनी, १९६६ मध्ये, मनोरंजनाच्या जागांचा कायदा आला. त्यात कोणत्या जागांना परवाना लागेल त्याची यादी होती. नाचाच्या जागा, दारूच्या जागा, आणि ‘गिऱ्हाइकांची सेवा करायला माणसं असलेली आंघोळ, मसाज किंवा वाफेची जागा’. सेवा म्हणजे काय, याचा खुलासा करायची गरज कुणाला वाटली नाही. बघा, समोरच्या दाराला कुलूप लावलं आणि मागचं दार परवाना देऊन उघडलं.

त्याच सुमाराला शेजारी व्हिएतनाममध्ये युद्ध पेटलेलं होतं. थायलंडमध्ये अमेरिकेचे हवाई तळ होते. १९६७ मध्ये अमेरिकन सैन्याशी करार झाला, की लढाईतून सुटीवर आलेले सैनिक विश्रांती आणि करमणुकीसाठी थायलंडला येतील. पटाया तेव्हा कोळ्यांचं गाव होतं. जवळच उ-तापाओचा तळ. गावाचं शहर झालं ते या सैनिकांच्या पगारावर. युद्ध संपलं, सैनिक गेले, पण इमारती, दलाल, मालक आणि परवाने जागेवरच राहिले. त्यांना नवीन गिऱ्हाईक हवं होतं. जंबो विमानं आली, युरोपातून आणि जपानमधून स्वस्त सहली सुरू झाल्या. आपण भारतीय या रांगेत फार उशिरा उभे राहिलो.

हा खेळ एकट्या थायलंडचा आहे असं समजू नका. जपाननं १९५६ मध्ये वेश्याव्यवसायबंदीचा कायदा केला. त्यानंतर तिथं अशा न्हाणीघरांना ‘तुर्की हमाम’ या अर्थाचं नाव पडलं. पुढं तुर्कस्तानातून आलेल्या एका विद्यार्थ्यानं यावर आवाज उठवला, की आमच्या देशाचं नाव तुम्ही या धंद्याला काय म्हणून देता? अखेर १९८४ मध्ये नाव बदललं आणि ‘सोपलँड’ झालं. धंदा तोच, फक्त नावाची पाटी नवी.

कायदा नेमकं काय म्हणतो?

थायलंडमध्ये आज लागू आहे तो १९९६ चा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा. यात रस्त्यावर उघडपणे गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला दंड आहे, तो १,००० बातपर्यंत. वेश्याव्यवसायाच्या जागेत त्या कामासाठी राहिली तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा दंड. तिला पुरवणारा, फूस लावणारा, अड्डा चालवणारा यांना मोठ्या शिक्षा, वर्षांच्या हिशेबात. सज्ञान बाईकडे तिच्या संमतीनं जाणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर गिऱ्हाईक थेट तुरुंगात जातं, आणि तिथं ‘तिची संमती होती’ हा बचाव चालत नाही.

दुसरीकडं २०१६ चा आरोग्यसेवा आस्थापनांचा कायदा आहे. खऱ्याखुऱ्या मसाजला आणि स्पाला हा कायदा लागू होतो. दुकानाला सार्वजनिक आरोग्य मंत्रालयाच्या खात्याचा परवाना लागतो, तो भिंतीवर दिसेल असा लावायचा असतो. काम करणाऱ्या व्यक्तीनं ठरावीक तासांचं प्रशिक्षण घेऊन नोंदणी करावी लागते. अशा दुकानात लैंगिक सेवा चालली तर परवाना जाऊ शकतो.

आता हे दोन कायदे शेजारी ठेवून बघा. खरा मसाज एका खात्याखाली, ‘आंघोळ-वाफ-मसाज’ दुसऱ्या कायद्याखाली. बाहेरून आलेल्या माणसाला दोन्हीवर एकच शब्द दिसतो. आणि मधल्या बाईची स्थिती काय? कागदावर ती मालिशवाली. प्रत्यक्षात जे काम करते ते बेकायदा. मग मालकानं पगार बुडवला, गिऱ्हाइकानं मारहाण केली, तर ती जाणार कुठं? पोलिसात जायचं तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. कामगार खात्याकडे जायचं तर काय काम करते हे सांगायचं. तिच्या कामाचं खरं नाव कायद्यात नसल्यामुळे तिचा हक्कही कायद्यात नाही.

आणि जिथं सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कागदावर नसते, तिथं हप्ता असतो. २००३ मध्ये बँकॉकच्या अशाच अनेक पार्लरांचे मालक चुवित कमोलविसित यांनी जाहीरपणे सांगितलं, की आपण वर्षानुवर्षं पोलिसांना पैसे आणि भेटी देत आलो. देशभर खळबळ उडाली. पुढं हे गृहस्थ राजकारणात गेले, खासदारही झाले. पार्लरं चालूच राहिली.

पैसा कुठं जातो?

साध्या दुकानापासून सुरू करू. साध्या वस्तीतल्या दुकानात तासाभराच्या थाई मसाजचा दर साधारण २५० ते ४०० बात असतो. यातले निम्मे किंवा त्याहून कमी त्या बाईला मिळतात. पुष्कळ दुकानांत महिन्याचा पगार नसतोच. गिऱ्हाईक आलं तर पैसे, नाही आलं तर दिवसभर खुर्चीवर बसून राहायचं. पाळीनं नंबर लागतो. दिवसाला चार-पाच गिऱ्हाइकं म्हणजे चार-पाच तास अंगठ्यांनी दुसऱ्याचं अंग दाबायचं. अंगठ्याचे आणि मनगटाचे सांधे दुखणं हा या धंद्याचा नेहमीचा आजार. म्हणून ५०-१०० बातची बक्षिसी तिच्या दृष्टीनं मोठी असते. ती थेट तिच्या हातात पडते.

तेलमालिशीच्या दुकानात ‘आणखी काही’ला हो म्हणायचं दडपण इथूनच तयार होतं. गिऱ्हाईक कमी, पगार नाही, घरी पैसे पाठवायचेत. एका बाईनं नकार दिला की ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जातं. मालक काही म्हणत नाही. त्याला म्हणावं लागतच नाही.

आब-ओब-नुआतमध्ये दर हजारांत असतात. त्यातला मोठा वाटा घराचा, काही गिऱ्हाईक आणणाऱ्या टॅक्सीवाल्याचा किंवा गाइडचा, उरलेला तिचा. पटायाच्या बारमध्ये आणखी एक पद्धत आहे. बाईला बाहेर नेायचं तर आधी बारला ‘बार फाइन’ भरायचा, म्हणजे तिच्या गैरहजेरीची भरपाई. मालक म्हणतो, मी फक्त माझ्या नोकराच्या खाड्याचे पैसे घेतले, पुढं ते दोघं काय करतात मला काय ठाऊक! कायद्याच्या दृष्टीनं तो मोकळा. याशिवाय तिच्या पगारातून कापाकापी असते. उशीर झाला, कापा. महिन्यात ठरलेल्या संख्येनं गिऱ्हाइकांकडून ‘लेडी ड्रिंक’ मागवून घेतली नाहीत, कापा. वजन वाढलं, कापा.

आता या बायका येतात कुठून? मोठ्या संख्येनं ईशान्य थायलंडमधून, त्या भागाला इसान म्हणतात. भाताची शेती, पावसावर अवलंबून, वरून कर्ज. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. थाई अर्थशास्त्रज्ञ पासुक फोंगपाइचित यांनी बँकॉकमधल्या ५० मालिशवाल्यांशी बोलून केलेला अभ्यास आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं, की या बायका घरातून पळून आलेल्या नव्हत्या. घर चालवण्यासाठी आलेल्या होत्या. कमाईचा मोठा हिस्सा गावाकडे जात होता आणि त्यातून घरं बांधली जात होती, भावंडं शिकत होती. शेतीत किंवा घरकामात जे मिळालं असतं त्याच्या कितीतरी पट इथं मिळत होतं. पासुक यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बायकांना सुधारायला निघण्यापूर्वी खेड्यातली शेती का तोट्यात गेली ते बघा.

यात एक सांस्कृतिक बाजूही आहे. थाई घरात आईवडिलांचे उपकार फेडणं हे मोठं कर्तव्य मानतात. त्याला ते ‘बुनखुन’ म्हणतात. मुलगा काही काळ भिक्षू झाला की त्याच्या पुण्यानं आईचं ऋण फिटतं. मुलीला भिक्षू होता येत नाही. ती पैशानं फेडते. इसानमध्ये लग्नानंतर जावई बायकोच्या घरी राहायला येण्याची जुनी रीत, त्यामुळे म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणं हे लेकीचंच काम. गावात सगळ्यांना साधारण कल्पना असते, पण कुणी विचारत नाही. ‘बँकॉकला मसाजच्या दुकानात आहे’ एवढं पुरतं. म्हणजे जो शब्द मालकाला लपवतो, तोच तिला गावात मान राखायलाही उपयोगी पडतो.

निवड आणि सक्ती

इथं दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, सगळ्या आपल्या मर्जीनं आल्यात. दुसरं म्हणतं, सगळ्या विकल्या गेल्यात. वस्तुस्थिती या दोन्हींत मावत नाही. प्रौढ, हिशेब करून आलेल्या बायका आहेत, आणि फसवून आणलेल्या, कर्जात अडकवलेल्याही आहेत. ही दुसरी गोष्ट विशेषतः म्यानमार आणि लाओसमधून कागदपत्रांशिवाय आलेल्या मुलींच्या बाबतीत होते. दलाल प्रवासाचा खर्च ‘उसना’ देतो, पासपोर्ट किंवा ओळखपत्र ठेवून घेतो, आणि त्या कर्जाचा आकडा कामानं कमी होण्याऐवजी राहण्या-जेवणाच्या खर्चानं वाढत जातो. जानेवारी २०१८ मध्ये बँकॉकच्या एका मोठ्या पार्लरवर छापा पडला तेव्हा म्यानमारमधून आणलेल्या अल्पवयीन मुली तिथं सापडल्या. त्या काचेपलीकडेही नंबराचे बिल्ले होते. गिऱ्हाइकाला नंबरावरून वय कळत नाही, कर्ज तर नाहीच नाही. २००८ मध्ये थायलंडनं मानवी तस्करीविरोधी कायदा केला, शिक्षा कडक आहेत, पण तपास करणारे आणि हप्ता घेणारे एकाच खात्यातले असले की काय होतं हे सांगायला नको.

एक चांगलं उदाहरण सांगतो. १९८५ मध्ये बँकॉकच्या पटपोंग भागात ‘एम्पॉवर’ नावाची संस्था सुरू झाली. तिचं पहिलं काम काय होतं, तर बारमधल्या बायकांना इंग्रजी शिकवणं. गिऱ्हाइकाशी स्वतः बोलता आलं पाहिजे, नाही म्हणता आलं पाहिजे. २००६ मध्ये या संस्थेच्या बायकांनी चियांग माईमध्ये स्वतःचा बार काढला, ‘कॅन डू’ नावाचा. कामाचे ठरावीक तास, सुटी, सामाजिक विमा, कापाकापी नाही. कामगार कायद्यात जे जे आहे ते ते. एक छोटासा बार, त्यानं देश बदलला नाही. पण कायद्यानं वागून हा धंदा बुडत नाही, एवढं त्यांनी दाखवलं.

राज्याला हे कळत नाही असंही नाही. १९९१ मध्ये एड्सची साथ वाढत असताना थायलंडनं देशभर ‘शंभर टक्के कंडोम’ मोहीम राबवली. आरोग्य खातं, पोलीस आणि अड्ड्यांचे मालक एकत्र बसले, आणि नव्या लागणींचा वेग झपाट्यानं खाली आला. जगानं कौतुक केलं. पण विचार करा, कायद्यानं जे अड्डे अस्तित्वातच नाहीत, त्यांच्या मालकांना सरकारनं बैठकीला बोलावलं होतं! साथीच्या भीतीनं जे वास्तव मान्य झालं, ते बाईच्या पगारासाठी अजून झालेलं नाही. १९९६ चा कायदा बदलून या कामाला कामगार कायद्याखाली आणावं, असा मसुदा तिथं गेली काही वर्षं चर्चेत आहे.

प्रवाशानं काय समजून असावं?

पहिली गोष्ट. देश बदलला की कायदा बदलतो. स्वीडननं १९९९ मध्ये आणि फ्रान्सनं २०१६ मध्ये लैंगिक सेवा विकत घेणं हाच गुन्हा ठरवला, बाईला शिक्षा नाही, गिऱ्हाइकाला आहे. जर्मनीत २००२ पासून आणि न्यूझीलंडमध्ये २००३ पासून तो कायदेशीर व्यवसाय आहे, नियमांसह. आखाती देशांत तुरुंग आणि हद्दपारी. ‘बँकॉकला चालतं म्हणजे बाहेर सगळीकडे चालतं’ हा समज माणसाला गोत्यात आणतो.

दुसरी गोष्ट, दुबईची. तिथं आपली मराठी मंडळी नोकरीसाठी पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. गाड्यांच्या वायपरखाली ‘मसाज’ची कार्डं खोचलेली असतात, आता तेच मोबाइलवर येतं. दिलेल्या पत्त्यावर गेलं की बंद फ्लॅटमध्ये चार माणसं उभी असतात, मारहाण करून एटीएमचा पिन काढून घेतात, फोटो काढतात. दुबई पोलिसांनी याबद्दल वारंवार इशारे दिलेत. लुटणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, की हा माणूस लाजेनं तक्रार करणार नाही.

तिसरी गोष्ट, अल्पवयीन मुलींच्या बाबतीत कुठल्याच देशात सूट नाही. आणि भारतीय नागरिकानं परदेशात केलेल्या गुन्ह्याबद्दल केंद्र सरकारच्या परवानगीनं भारतातही खटला चालू शकतो. विमानात बसलं की गुन्हा मागे राहतो, असं नाही.

आणि चौथी, आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. ज्या बाईनं प्रशिक्षण घेतलं आहे, जी पाय दाबून पोट भरते, तिच्याकडे बघून डोळा मारणं, ‘स्पेशल?’ विचारणं, हा तिचा रोजचा जाच आहे. शब्द एकच असल्याची किंमत ती भरते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत अटलांटा भागातल्या तीन स्पांमध्ये एका तरुणानं गोळीबार केला. आठ माणसं मेली, त्यांतल्या सहा आशियाई वंशाच्या बायका होत्या. ही ठिकाणं म्हणजे आपल्यासाठी मोह होता, तो नष्ट करायचा होता, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. तिथं काम करणारी प्रत्येक बाई कोण आहे, काय करते, हे त्यानं दारावरच्या पाटीवरून ठरवलं होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*दुकान सरळ आहे हे कसं ओळखायचं?*

भिंतीवर परवाना आणि बायकांची नोंदणीपत्रं लावलेली असतात. दर पाटीवर लिहिलेले असतात. पारंपरिक मसाजमध्ये अंगावर कपडे असतात, आणि पुष्कळदा एका खोलीत तीन-चार गाद्या शेजारी शेजारी असतात. कुटुंबासह, आईला घेऊन जाता येईल असं ठिकाण. पोटऱ्या दाबताना दुखलं तर ‘बाव-बाव’ म्हणा, म्हणजे हळू. मान मोडून घेण्याचा आग्रह धरू नका. रक्तदाब, गरोदरपण, मणक्याचा त्रास असेल तर आधी सांगा.

*मग आपल्याकडे काय वेगळं आहे? पुण्यातही स्पावर छापे पडतातच.*

फार वेगळं नाही. आपल्या १९५६ च्या कायद्यात स्वतः वेश्याव्यवसाय करणं हा गुन्हा नाही, पण अड्डा चालवणं, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. छाप्याच्या बातमीत ‘सुटका’ झालेल्या बायका पुढं कुठं गेल्या, हे बातमीत कधी येत नाही. सांगलीत ‘संग्राम’ आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांनी १९९०च्या दशकापासून हाच प्रश्न लावून धरला आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की स्वेच्छेनं हे काम करणाऱ्या प्रौढ बायकांना पोलिसांनी त्रास देऊ नये, त्यांना इतर नागरिकांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे.

*कंपनीच्या सहलीत सगळे जातात. एकट्यानं नाही म्हटलं तर चेष्टा होते. काय करायचं?*

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण तो विचारायला धाडस लागतं. चेष्टा दोन दिवसांची असते. ‘मी वाट फोला जाऊन येतो’ म्हणा आणि खरंच जा. तिथल्या शाळेत तासभर मसाज घ्या, शिलालेखांतल्या आकृत्या बघा, दोन-तीन सोबती आपोआप मिळतील. आमचा अनुभव असा, की ज्यांना जायचं नसतं असे त्या गटात नेहमीच तीन-चार जण असतात, फक्त आधी बोलायचं कुणी हा प्रश्न असतो. आणि डीलरांच्या सहली आखणारी काही मंडळी हे व्याख्यान ऐकत असतील तर त्यांनाही विनंती आहे: पुढच्या वेळी सहल दोघांची ठेवा, नवरा-बायकोची. दुकानात गल्ल्यावर तीही बसते, टार्गेट तिच्याही कष्टानं पूर्ण झालेलं असतं.